गाडी गार दाखवा

…आणि बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. आता बोला. सकाळचे सात वाजलेत, मालकाच्या तोंडात दात घासायचा ब्रश आहे, अंगात बनियन, एक डोळा अजून मिटलेलाच, आणि गाडी मात्र गरम. म्हणजे माणसाच्या आधी गाडी उठली, तोंड धुतलं आणि एक चक्कर मारून आली? मी विचारलं… म्हणजे विचारणार होतो. माझं कसं होतं, तुम्हाला सांगतो, वाक्य पोटातून बरोबर निघतं, छातीपर्यंत ठीक येतं आणि गळ्यापाशी येऊन उभं राहतं, पुढे सरकतच नाही, आणि समोरच्याला वाटतं याला उचकी लागली. त्या माणसाने मला पाणी आणून दिलं. मी प्यालो. दोन ग्लास प्यालो, दुसरा नको होता पण नको म्हणणार कोण. आणि घरी आलो. ही तिसरी गाडी. तिन्ही गरम.

तुम्ही म्हणाल, गरम तर गरम, चालते ना? अहो, तेच तर सांगतोय. गरम गाडी सगळ्यांचीच चालते. इंजिन एकदा तापलं की त्याची खडखड दबते, धूर दबतो, किल्ली फिरवली की लगेच सुरू. खरी गाडी कळते ती रात्रभर उभी राहिल्यावर, पहाटे, पहिल्या किल्लीला. म्हणून विकणारा काय करतो, गिऱ्हाईक यायच्या आधी पंधरा मिनिटं गाडी चालू करून ठेवतो, गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसलं की बंद करतो, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने फाटकाशी येऊन उभा राहतो. हे मला कसं माहीत? गाड्यांतलं मला काही कळत नाही. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. पण माणसं तीच ना. ज्या घरी मशीन बिघडलंय तिथे मी जातो, तर मी पोचायच्या आधी काकूंनी मशीन पुसलेलं असतं, बाटलीभर तेल ओतलेलं असतं, अर्धा तास पाय मारून ते चांगलं तापवलेलं असतं, आणि मी स्टुलावर बसलो की मशीन असं सुरेख चालतं की काकू म्हणतात, ‘अगं बाई, तुम्ही आलात आणि चालायला लागलं.’ मी पेटी उचलतो, तीन मजले उतरतो, आणि खाली पोचलो की वरून हाक, ‘अहो, परत अडकलं.’ आमचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते म्हणायचे, ‘आधी मशीनवर नुसता हात ठेव. गरम लागलं तर पेचकस काढू नकोस. चहा दिला तर पी, नाही दिला तर भिंतीकडे बघत बस. गार होऊ दे, मग बघ ते काय बोलतं.’

तर माझं एवढंच मागणं होतं. गाडी गार दाखवा. तीन शब्द. आरशासमोर उभा राहून पाठ करायचो, गाडी गार दाखवा, गाडी गार दाखवा. आई आतून विचारायची, ‘कुणाशी बोलतोयस रे?’

‘कुणाशी नाही.’

‘मग त्याच्याशी जरा हळू बोल.’

आई म्हणजे… हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाची पाळी. सहा म्हणजे सहा, कारण सव्वादहाला त्याच खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसायचं असतं. पहिली बस सहा दहाला सुटते, म्हणजे ती बस आम्हाला नुसती बघायला. मग एक टॅक्सीवाला ठरवला. भला माणूस. फोनवर त्याच्याइतका भला माणूस नाही. ‘हा काय, कोपऱ्यावर आलो.’ कुठला कोपरा, ते त्याने कधी सांगितलं नाही. एका बुधवारी तो पाऊण तास त्या कोपऱ्यावर होता आणि आम्ही दोघं फाटकाशी, आई पिशवी छातीशी धरून. पोचलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘जेवढा उशीर तेवढं कमी. मी तरी काय करू?’ त्या तरी काय करणार. चार तासांचं सव्वातीन तासांवर आलं. गुरुवारी आईच्या पायांना सूज, चपला चढेनात. शुक्रवारी पहाटे धाप, आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसलेली. आणि तशात मला म्हणते, ‘टॅक्सीवाल्याला फोन लाव. विचार, कोपरा बरा आहे ना.’

मी हसलो. मग मोरीत जाऊन नळ सोडून थोडा वेळ उभा राहिलो. आणि तिथे ठरवलं. गाडी घ्यायची. छोटी, जुनी, कुठल्याही रंगाची, पण पहाटे पाचला गार इंजिनाने सुरू होणारी. बाकी तिने आयुष्यात काही नाही केलं तरी चालेल. आता मी फारसं काही ठरवणारा माणूस नाही, पण हे ठरवलं.

गाडी बघायची म्हणजे बरोबर जाणता माणूस हवा, म्हणून मामा. मामांनी तीस वर्षं बेकरीची व्हॅन चालवली, त्यामुळे गाड्यांबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची तपासणी अशी असते: गाडीभोवती एक फेरी, पुढच्या टायरला एक लाथ, मागच्या टायरला एक लाथ, आणि मग ‘हं.’ त्या ‘हं’चा अर्थ काय, हे आम्हाला कधी कळलं नाही, टायरलाही कळलं नसावं. शिवाय फोन करायचं कामही मामांकडे, कारण फोनवर माझी उचकी ऐकली की लोक फोन ठेवतात.

पहिली गाडी एका विमा एजंटची. पोचलो, मी हळूच, हात पाठीमागे नेऊन, बॉनेटवर ठेवला, तर गरम. एजंटचं लक्ष गेलं. म्हणाला, ‘आत्ताच दूध आणायला गेलो होतो.’ दुधाचं दुकान समोर. अगदी समोर, रस्ता ओलांडला की आलं. पण म्हटलं असेल, एकेकाला चालवत नाही. मग तो सुरू झाला, ‘गाडी म्हणजे काय असतं माहितीये का, गाडी म्हणजे घरातलं माणूस. मी हिला कधी साठच्या वर नेली नाही. विकायचं ठरवलं तेव्हापासून बायको जेवली नाहीये हो.’ बायको दारात उभी राहून सफरचंद खात होती. मामांनी लाथ मारली. ‘हं.’ मी तोंड उघडलं, गाडी गा… तेवढ्यात एजंटने मला एक पॉलिसी समजावायला घेतली. मी म्हटलं बरंय, याचं होईपर्यंत गाडी गार होईल. पण तोही काही कच्चा नव्हता. दर दहा मिनिटांनी खिडकीतून हात घालायचा, किल्ली फिरवायचा, ‘आवाज ऐका, नुसता आवाज ऐका,’ आणि परत पॉलिसी. तासाभराने मामांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, नाहीतर गाडी राहिली असती बाजूला आणि मी साठाव्या वर्षापर्यंत हप्ते भरत बसलो असतो.

दुसरी गाडी दलालाकडे. पत्र्याच्या शेडखाली ओळीने अठरा गाड्या, त्यांना इतकं पॉलिश केलेलं की माझे अठरा चेहरे दिसत होते आणि अठराही लाजलेले. दलालाचे बूट पांढरे. ‘या साहेब, कुठलीही घ्या, सगळ्या डॉक्टरांच्या आहेत.’ आता मला सांगा, अठरा डॉक्टर? आणि ते सगळे डॉक्टर आता जातात कशाने? ते कळलं असतं तर मी तीच गाडी घेतली असती. मी ओळीतून चालत गेलो, एकेका बॉनेटवर हात ठेवत, गार, गार, गार, सतरा गाड्या लादीसारख्या गार. आणि आम्ही जी बघायला आलो होतो तिच्या बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. अठरांत एकटी गरम. मी मामांकडे बघितलं. मामांनी टायरकडे बघितलं.

पण मामा त्या दिवशी खरंच लढले, हे सांगायला हवं. ओळीतली एक दाखवून म्हणाले, ‘ही सुरू करून दाखवा.’

‘हिची बॅटरी काढलीये.’

‘मग ही.’

‘हिची किल्ली घरी राहिली.’

‘ही निळी?’

‘निळी विकली गेली.’

‘मग इथे काय करतेय?’

‘ते डॉक्टर यायचेत न्यायला.’

तेव्हा मी बोललो. खरंच बोललो. म्हटलं, ‘गाडी… गार… दाखवा.’ दलालाचा चेहरा असा उजळला. ‘एसीचं विचारताय होय. बसा, बसा.’ मला आत बसवलं, काचा वर केल्या, एसी पूर्ण सोडला, दार लावलं. मी आत कुडकुडतोय आणि बाहेर मामा आणि दलाल चहा पिता पिता मला हात करतायत. दहा मिनिटं. दार उघडून बाहेर यावं, एवढं साधं, पण त्याला वाईट वाटलं असतं.

मग मी डोकं लावलं. म्हटलं, वेळ दिली की हे लोक तयारी करतात, तेव्हा वेळेच्या आधी जायचं. तिसऱ्या गाडीच्या मालकाने साडेआठची वेळ दिली होती, मी मामांना पावणेसातलाच घराबाहेर काढलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच. ब्रश, बनियन, एक डोळा, बॉनेटवर हात ठेवला, तर गरम.

घरी आलो आणि जेवणाच्या टेबलाशी बसून राहिलो. मला कळेना. या माणसाला स्वप्न पडलं का? झोपेतून उठून, तोंडात ब्रश धरून, हा आधी गाडी का सुरू करेल? आई औषधांच्या गोळ्या डबीत भरत होती, मामा चहात पाव बुडवत होते. मामा म्हणाले, ‘बिचारा धावपळीत सापडला रे. तरी मी फोन केला होता.’

मी म्हटलं, ‘कसला फोन?’

‘निघताना केला की. म्हटलं आम्ही जरा लवकर येतोय, तुम्ही आंघोळीत असाल तर पंचाईत नको.’

‘मामा. दलालाला?’

‘त्यालाही केला. कुठली गाडी बघणार तेही सांगून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.’

‘आणि एजंटला?’

‘त्याला दोनदा. एकदा निघताना आणि एकदा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथे तर रेंजही चांगली होती.’

मी आईकडे बघितलं, म्हटलं ही तरी काही बोलेल. आई म्हणाली, ‘बरोबरच केलं दादाने. न कळवता कुणाच्या दारात उभं राहायचं, ही काय रीत झाली?’

तुम्हाला सांगतो, आमचं घराणंच असं आहे. न कळवता आम्ही कुठेही जात नाही. शेजारी वाटी परत करायची तरी आधी खिडकीतून ‘येऊ का?’ विचारायचं, त्यांनी ‘या’ म्हटलं की पाच मिनिटं थांबायचं, त्यांना आवरायला वेळ द्यायला, आणि मग जायचं. मामांनी तीस वर्षं व्हॅन चालवली ती प्रत्येक दुकानाच्या अलीकडे हॉर्न वाजवत, की बाबांनो, पाव येतोय. आणि मी वेडा. मला वाटत होतं जगातले सगळे विकणारे लबाड. लबाड असतीलही. पण त्यांना लबाडी करायला वेळेवर उठवत कोण होतं? आम्ही. आमच्याच घरातून फोन जात होता.

मी म्हटलं, ‘पुढची गाडी मी बघणार. एकटा. न कळवता.’

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी म्हणालो होतो की मी भिंत फोडून आत शिरणार आहे. मामांचा पाव चहात तुटून पडला. ‘लोक काय म्हणतील, भाच्याला वळण नाही.’

‘म्हणू दे.’

हे ‘म्हणू दे’ मीच म्हणालो. मलाही जरा वेळाने कळलं.

चौथ्या गाडीची चिठ्ठी मला किराणा दुकानाच्या फळ्यावर सापडली होती, हाताने लिहिलेली, अक्षर मोत्यासारखं. ‘छोटी गाडी विकणे आहे. दोष आहेत. समक्ष बोलावे.’ आणि पत्ता. फोन नंबर नाही. मला नंबर नाही हेच आवडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी त्या फाटकासमोर. गाडी आत उभी, पांढरी, एका बाजूला चेपलेली. फाटक नुसतं लोटलेलं. मनात सारखं येत होतं, वळण नाही, वळण नाही… पण आत गेलो. बॉनेटवर हात ठेवला.

गार.

दगडासारखी गार. वर दवाचं पाणी, बोटं ओली झाली. काय सांगू तुम्हाला, मी हात काढलाच नाही. तिथेच उभा राहिलो. मागून आवाज आला, ‘ताप बघतोयस का तिचा?’

वळून बघतो तर एक बाई, साठीच्या पुढच्या, हातात झाडांना पाणी घालायचा डबा, जाड भिंगांचा चष्मा. निवृत्त शिक्षिका, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती, माझे दोन्ही हात आपोआप बाजूला सरळ झाले. ‘कोण तू? इतक्या सकाळी न विचारता आत?’ मी म्हटलं, ‘बाई… गाडी… गा…’ आणि अडलो. पण बाई थांबल्या. पाणी आणायला गेल्या नाहीत, दुसरं काही बोलायला लागल्या नाहीत, नुसत्या थांबल्या, जशी वर्गात एखाद्या मुलाला उत्तर आठवेपर्यंत वाट बघावी तशा. त्यामुळे झालं काय, वाक्य आलं. पूर्ण. ‘गाडी गार असताना सुरू करून दाखवा.’

‘मग तसं सांग ना,’ म्हणाल्या आणि किल्ली आणून दिली. ‘तिसऱ्यांदा होते.’

मी किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. गाडी म्हाताऱ्या माणसासारखी खोकली आणि गप्प. तिसऱ्यांदा फिरवली आणि सुरू. जरा थरथरली, धूर नाही, मग एकसारखा आवाज, शिवण धरलेल्या मशीनसारखा.

‘सहा वर्षं अशीच आहे,’ बाई म्हणाल्या. ‘मेकॅनिकने सगळं उघडून बघितलं, कारण सापडलं नाही. थंडीत चौथ्यांदा. पाचवी वेळ कधी आली नाही. मागचं डावं दार आतून उघडत नाही. रेडिओ एकच स्टेशन लावतो, तेही बातम्यांचं. पावसात वायपर एकाच बाजूचा फिरतो, सुदैवाने चालवणाऱ्याच्या. ही बाजू चेपलीये ती मीच चेपली, मला माझंच फाटक दिसलं नाही, म्हणून विकतेय. आणखी काही विचारायचंय?’

मला काही विचारायचंच राहिलं नव्हतं. मी घरी धावत आलो.

मामांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच ‘हं’च्या पुढे गेले. ‘एवढे दोष सांगितले? स्वतःहून? मग न सांगितलेला केवढा असेल.’ आई म्हणाली, ‘दादा, खोटं बोलले तरी तुला पटत नाही, खरं बोलले तरी नाही.’ मामा म्हणाले, ‘एकदा तिसऱ्यांदा सुरू झाली म्हणून रोज तिसऱ्यांदाच होईल कशावरून? एखाद्या बुधवारी दहाव्यांदा झाली तर?’

आणि हे, तुम्हाला सांगतो, मामांचं खरं होतं. माझ्याही मनात तेच होतं. एकदा चाललेलं मशीन मीही पास करत नाही. म्हणून मी परत गेलो, पहाटे साडेपाचला, न कळवता, आणि बाईंना म्हटलं, मी रोज येऊन एकदा गाडी सुरू करू का? किती दिवस, म्हणाल्या. मी म्हटलं, सात. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘ये. चहा मिळणार नाही.’

सात पहाटा. पाळीच्या दिवशी आईबरोबर टॅक्सीत मामा. पहिल्या दिवशी तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. तिसऱ्या दिवशी गारठा होता, चौथ्यांदा, आणि बाई पायरीवरून म्हणाल्या, ‘थंडीचं मी सांगितलं होतं.’ चौथ्या दिवशी बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. म्हटलं, शेवटी याही तशाच. बाई बाहेर आल्या, माझा चेहरा बघितला आणि विचारलं, ‘काय झालं?’ मी बॉनेटकडे बोट दाखवलं. तेवढ्यात त्यांच्या गाडीच्या खालून, चाकाच्या आतून, एक मांजर निघालं, मागून दुसरं, मागून तिसरं. रात्रभर बॉनेटखाली झोपलेली. बाईंनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, ‘त्यांनाही विचारून ठेव, कधीपासून तापवतायत.’ मी खाली वाकून इंजिनाला हात लावला. इंजिन गार. बॉनेटही जिथे मांजर होतं तेवढंच कोमट. घाबरलेल्या हाताला कोमटही गरम लागतं. किल्ली. तिसऱ्यांदा.

सहाव्या दिवशी बाईंनी विचारलं, ‘तुला पहाटेचंच एवढं काय पडलंय? चोरीबिरी करतोस का?’ मग मी सांगितलं. आईचं, सहाच्या पाळीचं, सव्वातीन तासांचं, भिंतीला टेकून बसल्याचं. एका दमात सांगितलं, कुठे अडलोच नाही. बाई बराच वेळ झाडाला पाणी घालत राहिल्या, एकाच झाडाला, कुंडीतून पाणी वाहून पायरीवर आलं. मग म्हणाल्या, ‘किंमत कमी करणार नाही.’ मी म्हटलं, मी मागितलीच नाही. ‘मागायची असते,’ म्हणाल्या. ‘पण महिनाभरात एकदाही पाचव्या किल्लीला गेली, तर गाडी आणून इथे लाव आणि सगळे पैसे घेऊन जा. मी कुठे पळून जाणार, मला फाटक दिसत नाही.’

सातव्या दिवशी आईला दाखवायला नेलं. आईने आधी मला बाईंच्या घरी पाठवून ‘येऊ का’ विचारून घेतलं, ती वेगळी गोष्ट. तिला बघायचं होतं ते एवढंच, की सीटवर बसताना गुडघा किती वाकतो. बसली, उठली, परत बसली. बाईंना म्हणाली, ‘उंची बरोबर आहे हो.’ बाई म्हणाल्या, ‘तुमचा मुलगा फार चिवट आहे.’ आई म्हणाली, ‘लहानपणी नव्हता. गणितात तर बिलकूल नव्हता.’ दोघी हसल्या, मी टायरकडे बघत उभा राहिलो. तेव्हा कळलं मामा टायरकडे का बघतात.

पैसे दिले, गाडी आणली, आणि सोमवारी पहाटे पाच वाजता आम्ही खाली. मामाही आले होते. किल्ली फिरवली, काही नाही. मामा पुटपुटले, ‘सांगितलं होतं.’ परत फिरवली, खोकली. आईने पिशवीचे बंद घट्ट धरले. आणि मला एकदम वाटलं, हिला इथेच, गाडीत बसवून, पुन्हा फाटकाशी उभं केलं मी. तिसऱ्यांदा फिरवली.

सुरू.

रस्त्याला कुणी नाही, दिवे पिवळे, रेडिओवर बातम्या. पाच वाजून तेवीस मिनिटांनी दवाखान्याच्या दारात. सदतीस मिनिटं आधी. आई उतरली आणि म्हणाली, ‘आता एवढा वेळ करायचं काय?’ तिच्या तोंडून हे ऐकण्यासाठी तर मी… जाऊ दे.

वर गेलो, तर डायलिसिसच्या खोलीचं दार बंद. बाकावर सातजण, सगळे सहाच्या पाळीचे, मांडीवर पिशव्या. सिस्टर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतायत. मी विचारलं काय झालं. म्हणाल्या, ‘पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलंय. त्याशिवाय एकही मशीन लावता येत नाही. टेक्निशियन पाच मिनिटांत ते चालू करतो, पण तो घरी अडकलाय, त्याची गाडी सुरू होत नाहीये.’

‘जुनी आहे का?’ मी विचारलं.

‘नवीकोरी. मागच्या महिन्यात घेतली.’

आणि आई, जी न विचारता कुणाच्या अंगणात पाय ठेवत नाही, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘आमच्या ह्याची सुरू होते.’

सात माणसं माझ्याकडे वळली. सिस्टरनी पत्ता लिहून कागद माझ्या हातात दिला, विचारलंही नाही. मी गेलो. टेक्निशियन आपल्या चकचकीत गाडीशी उभा होता, तिचे पुढचे सगळे दिवे लागलेले, आतून रेकॉर्ड केलेली एक बाई गोड आवाजात काहीतरी सूचना देत होती, आणि गाडी हलत नव्हती. त्याला घातलं गाडीत, आणलं, सहा वाजून सात मिनिटांनी यंत्र सुरू, सगळ्यांना पूर्ण चार तास. त्या आठवड्यात आईच्या पायाला सूज नाही. चपला चढल्या.

आता त्याच्या गाडीचा कुठलासा भाग परदेशातून यायचाय. कधी येईल, कंपनीला माहीत नाही. तोपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार मी आधी गावाच्या त्या टोकाला जाऊन टेक्निशियनला उचलतो, मग परत येऊन आईला. तो पुढे बसतो, आई मागे, कारण त्याला मागे बसलं की मळमळतं. आणि हिशेबाने सगळं वेळेवर होतं, एक मिनिटही इकडे तिकडे नाही, तक्रार करायला जागाच नाही. गाडी नव्हती तेव्हा मी साडेचारला उठायचो. आता गाडी आहे, भरवशाची आहे… पावणेचारला उठतो.